हप्ता, गच्ची आणि रविवार

मार्च २०२३ मध्ये आमच्या गृहकर्जाचा खातेउतारा मी बँकेतून मागवून घेतला आणि त्यातल्या एका रकान्यापाशी थांबले. आम्ही दरमहा १३,९५५ रुपये हप्ता भरत होतो आणि त्या महिन्यात मुद्दलात जमा झाले होते जेमतेम तीनशे रुपये. बाकी सगळे व्याजात गेले होते. मी स्वतः एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे हप्ते, मुदती आणि थकबाक्या पाहते, आणि तरीही स्वतःच्या घराच्या कर्जाचा उतारा मी दोन वर्षांत एकदाही नीट वाचला नव्हता. हप्ता वेळेवर जातो आहे, एवढ्यावरच माझे समाधान होते.

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातले आमचे हे घर आम्ही जानेवारी २०२१ मध्ये घेतले. घर जुने, पण स्लॅबचे, आणि सासूबाईंना जिने चढावे लागत नाहीत म्हणून सर्वांच्या पसंतीचे. १८ लाखांचे कर्ज, ७ टक्के तरता (म्हणजे बाजाराप्रमाणे वरखाली होणारा) दर आणि २० वर्षांची मुदत होती. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला आणि आमचा दर त्याच्या मागोमाग साडेनऊवर गेला. हप्ता मात्र बँकेने तोच ठेवला आणि मुदत वाढवत नेली. १७ लाख २५ हजारांच्या शिल्लक मुद्दलावर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचे व्याज होते सुमारे १३,६५६ रुपये. त्या रात्री वहीत हिशेब मांडला, तेव्हा दिसले की दर तेवढाच राहिला आणि आम्ही हाच हप्ता भरत राहिलो, तर कर्ज फिटायला आणखी चाळीस वर्षे लागतील. माझे यजमान तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते.

अशा वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघाला. आम्हाला तो आदेश निघण्याआधीच बँकेत जाऊन विचारावे लागले. मूळ मुदतीत, म्हणजे उरलेल्या १८ वर्षांत कर्ज फेडायचे तर हप्ता १६,७०० च्या आसपास बसत होता. योगायोग असा की दुचाकीच्या कर्जाचा २,६०० रुपयांचा हप्ता त्याच एप्रिलमध्ये संपत होता. ते पैसे घरखर्चात मुरायच्या आत आम्ही सरळ घराच्या हप्त्यात वळवले, आणि घरात कुणाला फारसा फरक जाणवला नाही. आमच्या काउंटरवर येणाऱ्यांनाही मी आता हेच सांगते, की एक कर्ज फिटले की त्याचा हप्ता पुढच्याच महिन्यात दुसऱ्या कर्जाला लावा. तीन महिने गेले की ते पैसे कुठे जातात याचा पत्ता लागत नाही.

हप्त्याचा प्रश्न असा सुटला. गच्चीचा प्रश्न मात्र त्याहून अवघड निघाला.

घर घेतले त्याच वर्षी जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला. बावड्यातल्या माणसाला राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी घड्याळाइतकी पाठ असते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथली लहान मुलेही सांगतात. पुराचे पाणी आमच्या दारापर्यंत आले नाही, पण त्या आठवड्यातल्या पावसाने गच्ची आतून बोलू लागली. आतल्या खोलीच्या छताला ओल आली आणि भिंतीचा रंग फुगला. महामार्गावर शिरोलीजवळ पाणी आल्यामुळे यजमानांना औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीपर्यंत जाता येईना आणि त्या दिवसांचा पगारही बुडाला. २०२२ च्या उन्हाळ्यात गवंड्याने गच्ची पाहून ४५ हजारांचा अंदाज दिला. आम्ही प्लॅस्टिकचा कागद अंथरून पावसाळा काढायचे ठरवले, कारण हप्ता डोक्यावर असताना घरावर खर्च करणे मला चैनीचे वाटत होते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये तोच गवंडी पुन्हा आला. त्याने छताला हातोडीने हलकेच टकटक केले आणि आवाज पोकळ आला. तो म्हणाला, "वहिनी, आता नुसता कोबा करून भागणार न्हाई. आत गज फुगलाय." पाणी झिरपत राहिले की स्लॅबमधली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आतून दाब देऊन काँक्रीटचा पापुद्रा उडवतो. त्यामुळे पोकळ भाग फोडणे, सळई घासून तिच्यावर गंजरोधक लेप देणे, पुन्हा गिलावा करणे आणि मग वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, असा सगळा खर्च ७१ हजारांवर गेला.

भिशीचे ४० हजार मला त्याच महिन्यात मिळणार होते (आम्ही वीस जणी दरमहा दोन हजार भरतो) आणि दिवाळीच्या बोनसमधले तीस हजार मागे ठेवलेले होते. उतारा पाहून मी इतकी घाबरले होते, की हे सत्तर हजार थेट कर्जात भरावेत असे माझे मत झाले होते. तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीपूर्वी रक्कम भरली तर वैयक्तिक कर्जदाराला दंड लागत नाही, हे मला माहीत होतेच. यजमान छताकडे बोट दाखवून एवढेच म्हणाले, "अगं, हे पण कर्जच हाय की." मग मी दोन्ही गोष्टी एकाच पानावर मांडल्या. सत्तर हजार बँकेत भरले तर पहिल्या वर्षी सुमारे ६,६५० रुपये व्याज वाचणार होते. उलट ४५ हजारांचे काम एक वर्ष पुढे ढकलल्याने आमचे २६ हजार जास्त गेले होते, आणि त्याच ४५ हजारांवर बँकेने वर्षाला ४,२७५ रुपये व्याज घेतले असते. गळक्या गच्चीचा व्याजदर बँकेच्या सहापट होता आणि तो कोणत्याही उताऱ्यावर छापून येत नव्हता.

मे महिन्यात, वळीव सुरू व्हायच्या आत, काम झाले. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी मुद्दाम लिहिते. उतार पाइपाच्या तोंडाकडे नीट काढला आहे की नाही, हे बादलीभर पाणी ओतून स्वतः पाहावे, आणि कोबा झाल्यावर गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून खालचे छत कोरडे राहते का ते तपासल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नयेत. गच्ची आणि कठड्याच्या सांध्यालाही नीट गोलाई द्यायला लावावी. आमच्याकडे जुनी गळती तिथूनच होत होती.

स्वयंपाकघराची गोष्ट मला मनापासून लिहायची आहे, कारण ती इच्छा फक्त माझी होती. कडप्प्याच्या फळ्या काढून ट्रॉल्या बसवायच्या, असे घर घेतल्यापासून माझ्या मनात होते. दोन लाखांचा अंदाज निघाला. त्याच सुमारास बँकेतून फोन आला, की आहे त्या कर्जावर वाढीव कर्ज मिळेल, १० टक्के दर, १५ वर्षे मुदत, हप्ता फक्त २,१४९ रुपये. काउंटरवर बसून मी वर्षानुवर्षे पाहिले आहे, की माणसे विचारतात ती "हप्ता किती बसतो?" एवढेच, एकूण किती भरावे लागेल, हे क्वचितच कुणी विचारते. २,१४९ ला १८० महिन्यांनी गुणले, की दोन लाखांच्या ट्रॉल्या ३ लाख ८७ हजारांना पडतात. हा गुणाकार मी दुसऱ्यांसाठी शेकडो वेळा केला होता. स्वतःसाठी करताना मात्र माझा हात जड झाला.

ट्रॉल्या राहिल्या. त्या वर्षीच्या दिवाळीच्या बोनसमधून २२ हजार खर्चून आम्ही संडासात कमोड बसवला आणि भिंतीला धरायला स्टीलचा दांडा लावला. सासूबाईंचे गुडघे कधीचे दुखत होते आणि त्या कुणाला काही सांगत नव्हत्या. घराला कर्ज आहे म्हणून आपल्यासाठी काही मागू नये, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले होते. हे मला कळले तेव्हा माझ्या जिवाला फार लागले. आम्ही कर्जाबद्दल दार लावून बोलत होतो आणि घरातली माणसे दाराबाहेर उभी राहून आपापल्या गरजा कमी करत होती. मुलीनेही शाळेची सहल अशीच परस्पर नाकारली होती आणि आम्हाला "मला जायचं नव्हतंच" असे सांगितले होते.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री जेवण झाले, की आम्ही सगळे वही घेऊन बसतो. शिल्लक किती, या महिन्यात मुद्दलात किती गेले, पुढे मोठा खर्च कोणता, हे मुलगी मोठ्याने वाचते. तिने कॅलेंडरच्या मागच्या पानावर मुद्दलाचा तक्ता काढला आहे. मुलांच्या डोक्यावर कर्जाचे ओझे नको, असे काही नातेवाइकांनी सुचवले. मला ते पटत नाही. ओझे त्यांच्या डोक्यावर आधीच होते. फरक एवढाच, की ते किती आहे हे त्यांना माहीत नव्हते आणि आकडा माहीत नसला की मुले तो मनातल्या मनात वाढवत नेतात.

यातली सर्वांत कठीण बैठक रविवारच्या कामाबद्दलची होती. उतारा पाहिल्यापासून यजमान महिन्यातले तीन रविवार जादा काम करत होते. एका रविवारचे सोळाशे रुपये मिळतात. तीन रविवारचे ४,८०० रुपये दरमहा कर्जात भरले तर १८ वर्षांचे कर्ज १० वर्षे ८ महिन्यांत फिटत होते, आणि हा आकडा पाहून आम्हा दोघांनाही इतका धीर आला होता, की त्यांच्या थकव्याकडे मी काणाडोळा केला. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. कोल्हापुरात पेठापेठांतल्या मुलांप्रमाणे त्यालाही फुटबॉलचे वेड आहे. एका रविवारी बावड्यातल्या मैदानावर त्याच्या संघाचा सामना होता. आदल्या रात्री बूट घासता घासता तो सहज म्हणाला, "पप्पा येणार न्हाईत, मला म्हाइत हाय." त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. वडील रविवारी नसतात, ही गोष्ट त्याने पावसाळ्यासारखी मान्य करून टाकली होती.

त्या रात्री मी पुन्हा वही काढली. तीनऐवजी एकच रविवार काम केले आणि १,६०० रुपयेच जादा भरले, तर कर्ज साडेचौदा वर्षांत फिटत होते. म्हणजे दोन रविवार घरी राहण्याची किंमत होती ३ वर्षे १० महिने, आणि तेवढ्या वर्षांचे व्याज. किंमत लहान नाही आणि ती लहान आहे असे मी म्हणणार नाही. पण पहिल्या हिशेबात कर्ज संपेल तेव्हा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असणार होता, आणि तेव्हा मोकळे झालेले रविवार त्याला नऊ वर्षांचा करून देणार नव्हते. यजमानांचा जीव आकड्यात अडकला होता. एवढी मिळकत हातची का सोडायची, असे ते दोन दिवस म्हणत राहिले, आणि त्यांचे चुकत होते असे मला वाटत नाही. शेवटी एक रविवार कामाचा, उरलेले घरचे, असे ठरले आणि ते आजवर पाळले आहे.

तीन हप्त्यांएवढी रक्कम आम्ही वेगळ्या मुदतठेवीत ठेवली आहे आणि तिला हात लावत नाही. महामार्ग बंद पडला आणि पगार बुडाला, की हप्ता त्यातून जाईल. ही ठेव मोडून कर्जात भरली तर थोडे व्याज वाचेल, हे खरे. पण नदी ३९ फुटांवर आली की मला जी झोप लागते, ती या ठेवीमुळे लागते.

२०२५ मध्ये फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशा तीन वेळा मिळून रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आला. आमचा दर साडेआठ झाला, तेव्हा मी बँकेत जाऊन हप्ता कमी न करता मुदतच कमी करण्याचा अर्ज दिला. त्या दिवाळीत मुद्दल साडेपंधरा लाखांच्या आसपास होते आणि नुसत्या हप्त्यातूनच दरमहा ५,७०० रुपये मुद्दलात जाऊ लागले होते. तक्त्यावर तो आकडा लिहिताना मुलीने २०२३ च्या मार्चचे तीनशे शोधून काढले आणि त्यांच्याभोवती लाल पेनाने गोल केला.

त्या वर्षीच्या बोनसमधले पंचवीस हजार ट्रॉल्यांच्या नावाने ठेवले आहेत. सगळ्या एकदम न करता आधी ओट्याखालच्या दोन बसवून घ्याव्यात, असे सासूबाईंचे म्हणणे आहे, कारण तिथल्या जड डब्यांसाठी मला दिवसातून दहा वेळा वाकावे लागते, हे त्यांनी मोजले आहे. सुताराला या गुरुवारी माप घ्यायला बोलावले आहे. रविवारी त्याला वेळ होता, पण त्या दिवशी शाहू स्टेडियमवर सामना आहे आणि आम्ही सगळेच जाणार आहोत.