डॉक्टर नसलेला दवाखाना

थायलंडमधलं चियांग माई शहर मागे पडलं आणि लाँगान या फळाच्या बागा सुरू झाल्या. गावच्या आरोग्य केंद्रात चपला बाहेर काढूनच शिरायचं. आत नर्स, आरोग्य कर्मचारी, औषधांची कपाटं. डॉक्टर नाही, तो तालुक्याच्या रुग्णालयात. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या हे सगळं नर्सच बघते; अडलं की पुढे पाठवते. आपल्याकडे केंद्रात डॉक्टर नसला की बातमी होते. थायलंडने रचनाच तशी केलीय, आणि लोकांची त्याबद्दल कुरकुर ऐकू आली नाही.

नर्सने आम्हाला एका स्वयंसेविकेच्या हवाली केलं. साठीच्या बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च. असे ग्राम आरोग्य स्वयंसेवक देशभर दहा लाखांहून जास्त आहेत. एकेकाकडे दहा-पंधरा घरं, तीही शेजारपाजारची. बाई पहिल्याच घरात शिरल्या त्या थेट मागच्या मोरीत. पाण्याच्या रांजणात टॉर्च मारला, वाकून डासांच्या अळ्या शोधल्या, पुरचुंडीतली अळीनाशक पूड टाकली आणि वहीत टिपून घेतलं. मग ओट्यावर बसलेल्या आजोबांचा रक्तदाब मोजला. आकडा वाढलेला निघाला, तशी त्यांची भर अंगणात खरडपट्टी काढली. परक्या कर्मचाऱ्याला हे करू दिलं असतं का कुणी?

हे नुसत्या सेवाभावावर चालत नाही. २००१-०२ मध्ये '३० बाथ' योजना, म्हणजे खेपेला ३० बाथ (थाई चलन) घेऊन उपचार देणारी सरकारी योजना, देशभर लागू झाली आणि २००२ च्या आरोग्य सुरक्षा कायद्याने तिला कायद्याचा आधार मिळाला; डॉ. सन्गुआन निट्टायारम्फाँग हे तिच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक. योजनेतल्या प्रत्येकाची नोंद साधारणपणे घराजवळच्या रुग्णालयाकडे असते आणि बाह्यरुग्ण सेवेचे पैसे त्या रुग्णालयाला माणशी ठरावीक दराने मिळतात. पेशंटच्या खेपा वाढल्या म्हणून जास्त पैसे येत नाहीत. त्यामुळे आजोबांचा रक्तदाब ओट्यावरच आटोक्यात राहिला, तर रुग्णालयाचाच ताण वाचतो. मला विचाराल तर खरी मेख इथे आहे. आपण स्वयंसेवकाचं कौतुक करतो आणि पैशाच्या वाटेकडे बघतच नाही.

सगळंच गोडगोड आहे असंही नाही. तालुक्याच्या रुग्णालयात सकाळपासूनच तोबा गर्दी. गावातले स्वयंसेवकही म्हातारे होत चाललेत, तरुण पोरं बँकॉकला.

निघताना नर्सने विचारलं, तुमच्याकडे आशाताईकडे किती माणसं? साधारण हजार लोकांमागे एक, मी म्हणालो. तिला वाटलं, माझ्याकडून एक शून्य जास्त पडलं. तिने कागद पुढे केला. मी पुन्हा हजारच लिहिलं.