जांभळी टोपी, पिवळा काठ

आमच्याकडे चहाच्या किटलीवर जी टीकोझी असते, ती मुळात माझी पहिली टोपी आहे. पाहुणे कौतुक करतात, आम्ही गप्प बसतो.

चूक हिशेबाची होती आणि अकाउंट्समध्ये सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाने ती केली, म्हणून जास्त लागली. डोक्याचा घेर टेपने मोजला, ५६ सेंटिमीटर. लोकरीच्या वेष्टनावर छापलं होतं, दहा सेंटिमीटरला २२ टाके. गुणाकार केला, बॉर्डर दोन सुलट दोन उलट म्हणून चाराच्या पाढ्यात बसवला आणि १२४ टाके घातले. पण वेष्टनावरचे २२ टाके कुणाच्या तरी आवळ हाताचे. माझा हात सैल, माझे दहा सेंटिमीटरला वीसच बसतात. टोपी झाली ६२ सेंटिमीटरची. शिवाय टोपी डोक्याएवढी करायचीच नसते, पाच-सहा सेंटिमीटर लहानच ठेवायची, म्हणजे ताणून बसते. आता मी १०० टाके घालतो. माथ्याशी दहा-दहाचे दहा भाग पाडतो, एक ओळ सोडून प्रत्येक भागात दोन टाके एकत्र घेतो. छोटा तुकडा नमुना म्हणून विणून मोजल्याशिवाय टाके घालत नाही. आई हसते. तिने आयुष्यात नमुना विणला नाही, माणसाकडे बघून टाके घालायची.

शिकवलं तिनेच. १९८४ च्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. अकरा वर्षांचा होतो, सदाशिव पेठेतल्या वाड्यातल्या दोन खोल्या, उसाचा रस आणि लाह्या, बाहेर जायची बंदी. मी दिवसभर भुणभुण करायचो. तिसऱ्या दिवशी तिने दहा नंबरच्या दोन सुया हातात दिल्या. "खालून घाल, धागा फिरव, ओढून घे, सोड." सुलट दोन दिवसांत आलं, उलटाला आठवडा लागला. बाबा ऑफिसातून आले की सुया उशीखाली. कुणी सांगितलं नव्हतं, पण मला ते कळत होतं. कावीळ उतरली, शाळा सुरू झाली आणि वीतभर झालेला मफलर ट्रंकेत गेला.

मग थेट चार वर्षांपूर्वी. आईचा अंगठा दुखायला लागला, आणि माझ्या भाचीच्या बाळाचं टोपडं अर्धवट राहिलं होतं. फोन आला, "येऊन जा, एवढं पूर्ण कर. तुला येतं." मला वाटलं होतं विसरलो असेन. पहिल्या ओळीत अडखळलो, दुसऱ्या ओळीला हात आपोआप चालायला लागले.

लोकर आणायला रविवार पेठेत गेलो. बोहरी आळीत एकदा शिरलं की लेस, मणी, बटणं, दोरे बघताबघता तास जातो. दुकानदाराने विचारलं, "वहिनींनी शेड नंबर लिहून दिलाय का?" मी म्हटलं, मलाच विणायचंय. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि मग एक फार कामाची गोष्ट सांगितली: शेड नंबर एकच असला तरी लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर, बघा, दोन लॉटचे गुंडे घेऊ नका. मला ते पटलं नाही. दुसऱ्या लॉटचा गुंडा मिसळला, आणि त्या टोपीवर आजही कपाळाच्या वर एक रेघ दिसते. मारवा आणि पुरिया या रागांत असावा तेवढाच फरक, पण दिसतो.

शंभर टक्के लोकर म्हणून काहीही विकतात, म्हणून मी धाग्याचं टोक गॅलरीत जाळून बघतो. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरडेल अशी राख होते. ॲक्रिलिक वितळतं, त्याची कडक गोळी होते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना हा वास पाठ झालाय. घोंगडीची दख्खनी मेंढीची लोकरही एकदा मिळाली होती. अंथरायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण गळ्याला टोचते. मफलर दोन दिवस घातला, मान लाल झाली, मफलर उसवला.

आता रंग. ऑफिसला मी तीस वर्षं तीनच रंग घातलेत: पांढरा, आकाशी, फार तर बारीक चौकडा. पहिल्या तीन टोप्याही करड्या आणि नेव्ही ब्लू विणल्या. चौथ्या वेळी बोहरी आळीत एक जांभळा दिसला, पिकलेल्या जांभळाचा, आणि शेजारी हळदीचा पिवळा. दोन्ही घेतले. घरी येईपर्यंत पिशवी दोनदा उघडून बघितली. टोपी पूर्ण झाल्यावर बायको म्हणाली, "ही घालून भाजीला येणार असशील तर चार पावलं मागून चाल." मी चार पावलं मागून चाललो. टोपी काढली नाही.

पुण्यात लोकरीची टोपी लागते का, असं मुंबईचे नातेवाईक विचारतात. त्यांना मी सांगतो की हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात, आणि १७ जानेवारी १९३५ ला इथे पारा १.७ अंशांवर उतरला होता. आता तसं होत नाही हे सांगत नाही. पण डिसेंबरात पहाटे वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूचा वारा कानात शिरला की कळतं. तिथे सगळे माकडटोपीत. मरून, खाकी, काळी. त्यात मी जांभळा. पहिल्या आठवड्यात एक आजोबा रोज बघायचे. आठव्या दिवशी थांबून म्हणाले, "लांबून ओळखू येता, बरं आहे." मग चालू लागले. पुण्यात याला कौतुकच म्हणतात.

पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथे टोप्या पुरुष विणतात, मुलगे लहानपणीच शिकतात. लग्न झालेल्याची टोपी वेगळी, न झालेल्याची वेगळी. तिथल्या विणकामाची २००५ मध्ये युनेस्कोने दखल घेतली. हे मी बायकोला वाचून दाखवलं. "मग तुझी टोपी काय सांगते?" म्हणाली. मी म्हटलं, चार पावलं मागे चालतो, हे सांगते.

सध्या बोटं उघडी राहणारे हातमोजे चालू आहेत, पहाटे बाइकवरून टेकडीच्या पायथ्याशी जाताना हात गारठतात म्हणून. जांभळ्यावर पिवळी वेल, फक्त हाताच्या पाठीवर. काल रात्री दुसरा मोजा बंद केला, घालून बघितला तर वेल तळव्यावर. आरशात न बघता विणत गेलो आणि उजव्या हाताचेच दोन मोजे झाले. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

"अंगठ्यापर्यंत उसव," ती म्हणाली.

अंगठ्यापर्यंत म्हणजे बावीस ओळी. डावा हात तसाही क्लचवरच असतो, वेल कोण बघणार? मोजा टेबलावर ठेवलाय, सुई शेजारी. उद्या पहाटे किती थंडी पडते ते बघतो.