रात्रीचे तीन, तिकडचे साडेचार

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे गेली आणि इकडे हिंजवडीत आमची कॉल सेंटरची शिफ्ट साडेसहाची साडेसात झाली. घड्याळ त्यांचं, जेवणाची वेळ आमची बिघडते!

काल पहिल्याच कॉलला एका गृहस्थाने वीस मिनिटं झापलं. बिल चुकलं होतं, चूक आमचीच होती, म्हणून मुकाट ऐकलं. म्यूट दाबून दोन शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू.

मग तीनच्या सुमारास ओहायोच्या एक आजी. त्यांच्याकडे दुपारचे साडेचार. पासवर्ड विसरल्या होत्या. काम पाच मिनिटांचं, पण चष्मा सापडेना, मग मांजर कीबोर्डवर. एकतीस मिनिटं! आमचं टार्गेट सात. मध्येच विचारलं, "तुझ्याकडे किती वाजले गं?" सांगितलं. तर म्हणाल्या, "अगंबाई, मग झोप की!" (म्हणजे इंग्रजीतच, पण मला अगदी असंच ऐकू आलं.) आता कॉल तपासणारे क्वालिटीवाले मार्क कापणार, कापू देत.

पाचला कॅब. शेवटी उतरणारी मुलगी मीच, म्हणून पुढे गार्डकाका, चांदणी चौकापर्यंत घोरत. वारज्यात दूधवाला क्रेट उतरवत होता. दार उघडून आई म्हणाली, "चहा टाकू?" म्हटलं, नको गं, माझी आत्ता रात्र झालीये.

आणि वरच्या मजल्यावर आज सकाळपासून ड्रिल मशीन सुरू आहे.