पणजीची चिकटवही

परवा फैजपूरच्या घरी माळ्यावरची पेटी उघडली तर लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली एक जाडजूड वही निघाली, पणजीनं सुरू केलेली आणि मग आजीनं पुढे चालवलेली. शिवण गोधडीच्या दोऱ्याची, कात्रणं कणकेच्या खळीनं चिकटवलेली. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसचं कात्रण आहे, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन ते, अध्यक्ष नेहरू, आणि त्याच्या शेजारी जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस घातल्याची पावती! मला दोन्ही सारखंच भारी वाटलं. पुढे आखाजीची, म्हणजे अक्षय्यतृतीयेची गाणी, शाईनं लिहिलेली, ओळी वाकड्या, एका पानावर हळदीचं बोट उमटलंय. त्यावर मी माझं बोट ठेवून बघितलं, बरोब्बर बसलं. आई म्हणाली, "आता तू चिकटव काहीतरी." शेवटची अकरा पानं कोरी आहेत.