सोनी की बोस? तुम्ही विचारलंत म्हणून

"तीस-पस्तीस हजार घालायचे आहेत, रोज वापरायला नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हवा आहे, सोनी घेऊ की बोस? एका शब्दात सांगा." हा प्रश्न मला सतत येतो. एका शब्दात सांगितलं की काही दिवसांनी तोच माणूस परत येतो: "घेतला, पण आवाज येतोच की." म्हणून या वेळी एका शब्दात नाही. ज्यांना खरंच कळून घ्यायचं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, आणि मगच पुन्हा विचारा.

पहिली गोष्ट, आवाज येणारच. कुठल्याही कंपनीचा हेडफोन घ्या, कुकरची शिट्टी येणार, शेजारच्या टेबलावरचं बोलणं येणार, रिक्षाचा हॉर्न येणार. हेडफोनच्या बाहेरचा माइक आवाज टिपतो, आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते आणि दोन्ही लहरी कानाशी एकमेकींना खोडतात. 100 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 100 लहरींची घरघर असेल तर एक लहर 3.4 मीटर लांब असते, तिला पूर्ण व्हायला 10 मिलिसेकंद लागतात. चिपला भरपूर वेळ मिळतो. 5000 हर्ट्झची शिट्टी असेल तर लहर जेमतेम 7 सेंटिमीटरची आणि वेळ 0.2 मिलिसेकंद. तिथे गणित जरा चुकलं की आवाज खोडला जाण्याऐवजी वाढतो. त्यामुळे साधारण 1000 हर्ट्झच्या वर इलेक्ट्रॉनिक्सचा उपयोग झपाट्याने कमी होतो, आणि पुढचं काम कानाभोवतीच्या पॅडला करावं लागतं. विमान, एसी, बसचं इंजिन, लोकलची खालच्या पट्टीतली धडधड यांवर हे हेडफोन जीव लावून काम करतात. माणसांवर आणि भांड्यांवर नाही. घरात कीर्तन चालू असताना शांतता हवी असेल तर पैसे खर्च करू नका.

आता दुसरी गोष्ट. ती कोणी विचारतच नाही आणि माझ्या मते सगळं तिच्यावरच अडलेलं असतं. तुम्ही चष्मा लावता का?

चष्म्याची काडी पॅडखालून जाते आणि कानाच्या मागेपुढे फट ठेवते. फट लहान असली तरी खालच्या पट्टीचा आवाज तिच्यातूनच आत येतो, म्हणजे नेमका तोच आवाज जो खोडायला तुम्ही पैसे दिले. शिवाय आत, स्पीकरसमोर, दुसरा माइक असतो. कानापर्यंत काय शिल्लक राहिलं ते तो मोजतो आणि चिप त्यानुसार दुरुस्ती करते. ही सगळी रचना पॅड आणि डोकं यांच्यामधली जागा बंद आहे असं धरून केलेली असते. जागा उघडी पडली की गाण्यातला खालचा आवाजही पातळ होतो आणि खोडणंही ढिलं पडतं. दाट केस, जाड कानातले, ओढणीचा पदर, रुंद काडीचा फॅशनेबल चष्मा, सगळ्यांचा परिणाम हाच.

तपासायला दोन मिनिटं लागतात. गाणं बंद, नॉइज कॅन्सलिंग चालू, एसी किंवा एक्झॉस्ट फॅन चालू असलेल्या खोलीत बसा. दोन्ही तळव्यांनी कप हलकेच डोक्याकडे दाबा. घरघर लक्षात येण्याइतकी कमी झाली तर तुमच्या डोक्यावर तो हेडफोन नीट बसत नाही. मग चष्मा काढून पुन्हा ऐका. फरक मोठा असेल तर पातळ, चपट्या काडीचा चष्मा घ्या किंवा दुसरा हेडफोन बघा. जोरात दाबू नका, आत हवा दाबली जाऊन धप्प आवाज होतो आणि काहीच कळत नाही.

लोक या मुद्द्याला किरकोळ समजतात, म्हणून मी नेहमी बोसच्या एका प्रकरणाकडे बोट दाखवतो. ते पूर्ण सांगणं भाग आहे, कारण सोनी-बोसच्या वादाची अर्धी उत्तरं त्यात आहेत.

2019 मध्ये बोसने आपल्या क्यूसी 35 या नॉइज कॅन्सलिंग हेडफोनसाठी आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी 4.5.2 हे फर्मवेअर, म्हणजे हेडफोनच्या आतलं सॉफ्टवेअर दिलं. त्यानंतर मालकांच्या तक्रारींचा पूर आला: अपडेट केलं आणि आवाज रोखण्याची ताकद गेली. आधी विमानात शांत वाटायचं, आता इंजिन ऐकू येतं. काहींना तर कंपनी जुना हेडफोन मुद्दाम खराब करून नवा खपवते आहे असं ठामपणे वाटत होतं. राग खरा होता. एवढे पैसे दिलेली वस्तू घरबसल्या, आपण हात न लावता बिघडावी, याहून चीड आणणारं काय असतं? शेवटी कंपनीने तक्रारदारांच्या घरी माणसं पाठवली, त्यांचेच हेडफोन त्यांच्याच खोलीत मोजले, आणि मग निष्कर्ष जाहीर केला: दोष फर्मवेअरचा नाही. कारणं सापडली ती झिजलेल्या किंवा नीट न बसलेल्या कुशनची, म्हणजे पॅडची, दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त कुशनची, अशा जातीची.

हे उत्तर कंपनीने स्वतःच्याच बाबतीत दिलेलं आहे, हे मी विसरत नाही. आणि इतक्या जणांना एकदमच कसं जाणवलं, हा प्रश्नही उरतो. त्यावर एक पटण्यासारखं उत्तर आहे: अपडेटची सूचना आली की माणूस कान देऊन ऐकतो. दोन वर्षं हळूहळू बसत गेलेलं कुशन त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू येतं. हे उत्तर मला बरंचसं पटतं. पूर्ण पटतं असं म्हणणार नाही, कारण त्या मालकांच्या खोलीत मी नव्हतो. पण तंत्राच्या बाजूने त्यात काहीच अशक्य नाही. कुशनची एक खुंटी खाचेत बसायची राहिली तरी मागच्या बाजूला फट पडते. कुशनच्या आतली जाळी आणि स्पंज हेसुद्धा आवाजाच्या हिशेबात धरलेले असतात. स्पंज दोन मिलिमीटर जाड आला की कानाचं आतल्या माइकपासूनचं अंतर बदलतं. आठशे रुपयांच्या जोडीने महागड्या हेडफोनचं गणित बदलू शकतं, हे या प्रकरणाने जगासमोर आणलं. म्हणून "सोनी जास्त शांत की बोस?" असं कोणी विचारलं की मला आधी विचारावंसं वाटतं: पॅड किती जुने आहेत?

आपल्याकडे तर पॅडवर अत्याचारच होतात. या पॅडवरचं कातडं कृत्रिम असतं. मुंबईची, कोकण-गोव्याची दमट हवा, घाम आणि केसांचं तेल यांनी ते आधी चिकट होतं, मग भेगाळतं, मग काळ्या पापुद्र्यांनी गालावर उतरतं. तेल लावलेल्या केसांवर हेडफोन घालू नका. काढल्यावर मऊ कोरड्या कापडाने पुसा, अगदीच मळला तर कापड पाण्यात पिळून घ्या. स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको, त्याने कातडं कडक होतं. ओला हेडफोन त्याच्या पेटीत (केसमध्ये) कोंडू नका. पापुद्रे सुटायला लागले की मूळ कंपनीचेच पॅड घ्या, महाग वाटले तरी. बसवताना डावा-उजवा बघा आणि कडेने बोट फिरवत दाबत जा. प्रत्येक खुंटी टिक् करून बसली पाहिजे. सोनीच्या एक्सएम4 या जुन्या मॉडेलचे पॅड काढायला जुनं प्लॅस्टिक कार्ड पुरतं, ॲपलचे तर चुंबकावर असतात. स्क्रूड्रायव्हर कुठेही घालू नका.

तिसरी तक्रार: "कॉल आला की आवाज डबड्यातून आल्यासारखा होतो." यात ब्रँडचा काडीचाही संबंध नाही. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये गाण्यासाठी एक वाट आहे आणि फोनवर बोलण्यासाठी दुसरी. लॅपटॉपने हेडफोनचा माइक उघडला की दुसरी वाट सुरू होते: आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच) होतो, बारीक होतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन निवडा आणि माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक. आवाज लगेच पूर्ववत होईल, आणि शांत खोलीत पलीकडच्यांनाही तुम्ही बहुधा अधिक स्वच्छ ऐकू याल. गोंगाटात मात्र हेडफोनचा माइक लागतोच. छताच्या पंख्याखाली बसून कॉल घेत असाल तर पंख्याचा झोत बाहेरच्या माइकवर आपटतो आणि फरफर ऐकू येते. खुर्ची सरकवा, सर्व्हिस सेंटर गाठू नका.

आता तुलना. सोनीच्या एक्सएम5चं वजन 250 ग्रॅम, एक्सएम6चं 254, बोस अल्ट्राही त्याच घरातलं. ॲपलचं एअरपॉड्स मॅक्स 385 ग्रॅमच्या आसपास. ते दुकानात पाच मिनिटं सुंदर वाटतं. मे महिन्यात दोन तास डोक्यावर ठेवून बघा. ॲल्युमिनियमच्या कपांत आतून दमटपणा धरल्याच्या तक्रारीही पुष्कळ आहेत. पॅड सहज निघतात म्हणून आत पुसता येतं, एवढाच दिलासा. एवढ्या महाग किमतीला मी ते आयफोन आणि मॅक दोन्ही वापरणाऱ्यांनाच सुचवतो, आणि तेही ज्यांची खोली थंड असते त्यांना.

घडी होण्याचा प्रश्न रोजच्या वापरात फार मोठा आहे. एक्सएम4 घडी व्हायचा. 2022 मध्ये आलेल्या एक्सएम5चे कप फक्त सपाट फिरतात, त्यामुळे त्याची पेटी डब्याच्या पिशवीत मावत नाही. 2025 च्या एक्सएम6मध्ये सोनीने घडी परत आणली. बोस अल्ट्रा घडी होतो, सेनहायझर कंपनीचा मोमेंटम 4 होत नाही, मॅक्सही नाही. लोकलने जाणाऱ्याने हे आधी बघावं, कोडेक (ब्लूटूथवरून आवाज आटवून पाठवण्याची पद्धत) नंतर.

बॅटरीवर लोक फार अडतात. मोमेंटम 4 तब्बल 60 तास, सोनी 30, पहिला बोस अल्ट्रा 24, मॅक्स 20. रोज चार तास ऐकलंत तर 30 तासांच्या हेडफोनला आठवड्यातून एकदा चार्जिंग, वर्षाला पन्नासेक वेळा. लिथियम बॅटरी काहीशे पूर्ण चार्जिंग सहज काढते. म्हणजे चार्जिंगच्या संख्येने ती मरत नाही. उन्हात उभ्या गाडीत ठेवल्याने आणि पूर्ण रिकामी करून महिनोन्महिने कपाटात टाकल्याने मरते. ठेवून द्यायचा असेल तर निम्मी भरून ठेवा. 60 तासांची सोय खरीच आहे, पण तेवढ्यासाठी डोक्यावर नीट न बसणारा हेडफोन घेऊ नका.

कोडेकबद्दल मी पूर्वी भरभरून बोलायचो. आज तेवढं बोलवत नाही, तरी ते खोटं होतं असंही मानत नाही. सोनीचा एलडॅक हा कोडेक सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत नेतो. पण आयफोनला एलडॅक येतच नाही, त्याची धाव एएसी या कोडेकपर्यंत. अँड्रॉइडवर दादरच्या फलाटावरच्या गर्दीत 990 अडखळायला लागतं. सोनीच्या ॲपमध्ये 'स्थिर जोडणीला प्राधान्य' निवडा. शांत घरात, चांगल्या रेकॉर्डिंगवर, तंबोऱ्याच्या जवारीत मला फरक ऐकू येतो असं वाटतं. डोळे बांधून परीक्षा घेतली तर टिकेन का, हे शपथेवर सांगणार नाही. टिकणारा फरक इक्वलायझरचा, म्हणजे ॲपमध्ये आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करण्याचा. एक्सएम5 मुळात खालच्या पट्टीत जड आहे, तबल्याचा बायाँ फुगतो आणि निवेदकाचा आवाज घशात अडकल्यासारखा येतो. ॲपमधली 'क्लिअर बास' ही पट्टी तीन-चार घरं खाली आणा. बोसमध्ये बास, मधली पट्टी आणि ट्रेबल अशा तीनच पट्ट्या आहेत, तिथे बास दोन-तीन घरं उतरवला की पुरे.

वायरीने ऐकायचं असेल तर मोमेंटम 4, बोस अल्ट्राची दुसरी आवृत्ती आणि यूएसबी-सीचा मॅक्स यूएसबीवरून आवाज घेतात. सोनीचे एक्सएम5 आणि एक्सएम6 घेत नाहीत, त्यांना 3.5 मिलिमीटरची वायर लागते. पाण्याचं संरक्षण जाहीर केलेलं यांतल्या एकालाही नाही. जुलैत हेडफोन बॅगेत, तोही प्लॅस्टिकच्या पिशवीत.

आणि कान. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास अशी आहे. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 83ला 20 तास, 86ला 10. गाडीच्या धडधडीवर मात करायला लोक आवाज चढवतात. नॉइज कॅन्सलिंगमुळे तो चढवावा लागत नाही, आणि माझ्या मते एवढे पैसे घालण्याचं सर्वांत भक्कम कारण हेच आहे. रस्ता ओलांडताना, गाडी चालवताना मात्र हेडफोन डोक्यावर नको.

तरी तुम्ही विचारणारच, "मग कुठला?" चष्मा असेल तर आधी बोस अल्ट्रा घालून बघा, त्याची पकड मला सगळ्यांत सौम्य वाटते. चष्मा नसेल, प्रवास लोकलचा असेल, अँड्रॉइड असेल तर एक्सएम6. दिवसभर टेबलाशी बसून लॅपटॉपच्या वायरीवर काम करणाऱ्याने मोमेंटम 4 नक्की ऐकावा. ताज्या सोनी आणि ताज्या बोसमध्ये शांततेचा जेवढा फरक आहे, त्याहून जास्त फरक एका सैल पॅडने पडतो. हे माझं मत आहे. एक्सएम6 डोक्यावर घट्ट बसलेला मनुष्य उद्या मला उलट सांगेल आणि तोही खोटं बोलत नसेल.

घेताना खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल आहे का बघा. बाहेरून आणलेल्या मालाला इथली वॉरंटी मिळेल असं धरून चालू नका, आणि मॅक्सच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते पैसे भरण्याआधी विचारा. तळव्यांनी दाबायची परीक्षा त्या मुदतीत, तुमच्या रोजच्या चष्म्यासकट, तुमच्या रोजच्या गाडीत करा.