बे-लीफ: ओल्या ओकचं शेतघर

बे-लीफ हे शेतघर मूळचं इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं, चिडिंगस्टोनचं. तिथे बाऊ बीचचा जलाशय होणार होता, म्हणून १९६८-६९ मध्ये ते सुटं करून वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात हलवलं. अख्खं घर सुटं करता येतं, कारण त्याच्या भिंती भार घेतच नाहीत. भार घेतो ओकचा सांगाडा.

घर चार खणी आहे. मधल्या दोन खणांचा छतापर्यंत उघडा हॉल आणि एक सेवेचा, म्हणजे कोठीच्या खोल्यांचा, खण पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा. मालकाच्या खोल्यांचा दुसऱ्या टोकाचा खण साधारण शंभर वर्षांनी आला. हॉलमध्ये धुराडं नाही. जमिनीवरच्या चुलाणाचा धूर वर चढून कौलांच्या फटींतून जायचा. धुराडं आणि माळा मागाहून घातलेल्या घरातही पोटमाळ्यावर चढून वासे पाहावेत. ते काजळीने काळे असतील तर खाली एके काळी उघडा हॉल होता. छताला आढं नसतं, हे आपल्या डोळ्यांना खटकतं. वाशांच्या जोड्या माथ्यावर एकमेकींत अडकवलेल्या असतात. त्यांना जोडणाऱ्या आडव्या लाकडांखालून एक लांब तुळई जाते आणि ती खालच्या मोठ्या तुळईवर उभ्या केलेल्या खांबावर टेकते.

खरी करामत मात्र खांबाच्या माथ्यावर आहे. झाडाचा बुंधा वर येईल असा खांब उलटा उभा करतात, म्हणजे माथा आपसूक रुंद मिळतो. त्या माथ्यावर दोन कुसं, म्हणजे खाचेत शिरणारी टोकं, काढतात: एक भिंतीच्या माथ्यावरच्या लांब लाकडासाठी, दुसरं त्यावर आडव्या येणाऱ्या तुळईसाठी. तुळई त्या लांब लाकडावर डव्हटेलने, म्हणजे टोकाकडे रुंदावणाऱ्या सांध्याने, बसते, त्यामुळे वाशांचा रेटा भिंतीला बाहेर ढकलू शकत नाही.

लाकूड ओलंच, म्हणजे ताजं तोडलेलं, वापरत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. ओक वाळताना जाडी-रुंदीत आकसतो, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे डव्हटेल कालांतराने सैल होतं आणि ताण दुसऱ्या कुसावर येतो. कूस आणि खाच यांतली खुंटीची भोकं मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे पाडतात. त्यात ठोकलेली ओकची खुंटी सांधा आवळून धरते.

चौकटींत कूड असतो, आपल्या कोकणातल्या कुडाच्या जवळचा. ओकच्या काठ्या वरच्या लाकडातल्या भोकांत आणि खालच्या खोबणीत बसवतात, त्यांत हेझल या झुडपाच्या लवचीक फांद्या विणतात आणि दोन्ही बाजूंनी माती, पेंढा व शेणाचा गिलावा थापतात. वरून चुना.

अशा घरांचं सर्वांत मोठं नुकसान सिमेंटने केलं आहे. ओक हलतो, सिमेंट हलत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, पाऊस आत शिरतो आणि सुकायला वाट राहत नाही. ओल धरलेल्या ओकमध्ये लाकूड पोखरणारे भुंगेरे येतात आणि बहुतेक वेळा जोत्यावरचं तळलाकूड आधी कुजतं. अंगणातली माती वर्षानुवर्षं चढून जोतं झाकलं गेलं असेल तर आणखी लवकर. म्हणून आधी माती खाली उतरवावी. मग सिमेंट हलक्या हाताने काढावं, कुजला तेवढाच भाग कापून तिरप्या जोडाने नवा ओक बसवावा. शेवटी चुन्याचे पातळ हात द्यावेत, पहिला वाळल्यावरच दुसरा.