आमची वाटचाल : 2005 ची रेघ

2003 साली सांगलीत मारुती रोडला जुन्या कॉपियरचं (झेरॉक्स मशिनचं) दुकान टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे एक स्क्रू-ड्रायव्हरचा सेट, टोनर (काळी शाईची पूड) ओढायचा व्हॅक्यूम आणि मुंबईहून टेम्पोतून आणलेली दोन इम्पोर्टेड मशिनं. दोन्ही 110 व्होल्टची, त्यामुळे गिऱ्हाइकाला सोबत ट्रान्सफॉर्मर द्यावा लागे. ब्लेड, ड्रम (ज्यावर आधी चित्र उमटतं तो सिलिंडर), डेव्हलपर, फिक्सिंग (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग) हे सगळं मला भागीदाराने शिकवलं. त्याची एक सवय दुकानात अजून चालू आहे : ड्रम बदलला की पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने तारीख आणि काउंटर, म्हणजे तोवर निघालेल्या कॉप्यांचा आकडा, लिहायचा.

2005 च्या पुरात पाणी भिंतीवर जिथवर आलं तिथे आम्ही लाल रेघ मारून ठेवली होती. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा चौघांनी रात्रभर खपून अकराही मशिनं त्या रेघेच्या वर, लोखंडी रॅकवर चढवली आणि शटर ओढलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी 57 फुटांच्या पुढे गेली, 2005 पेक्षा तीन फुटांहून जास्त. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर काचेखाली, आरशांवर, लेझर युनिटमध्ये कृष्णेचा गाळ. विमा नव्हता. पॉवर सप्लायच्या बोर्डात गाळ गेलेलं मशीन विकायचं नाही, असं भागीदार म्हणाला, मलाही पटलं. अकराच्या अकरा भंगारात किलोवर घातली.

आमच्याकडे विश्रामबागच्या एक बाई येत. शिकवणी घेतात, प्रश्नपत्रिका काढायला पहिल्या वर्षापासून आमचंच मशीन. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला : भाच्याने घरी वापरायला जुनं कॉपियर घेतलंय, स्वस्तात मिळालं, पण जळका वास येतोय. गेलो. बाहेरून नवा रंग, काउंटर जेमतेम चार हजार. पुढचं दार उघडलं आणि आत माझंच अक्षर : तारीख, खाली 2,14,600. पुसायचा प्रयत्न झाला होता, पण मार्कर प्लॅस्टिकमध्ये मुरला होता. आमच्याच गल्लीतल्या एकाने भंगारवाल्याकडून ती मशिनं उचलली, धुतली, रंगवली आणि काउंटर मागे फिरवून घराघरांत विकली. वर विचारणाऱ्याला सांगितलं, माल आमच्या दुकानचा आहे. ते खोटंही नव्हतं! दोन वर्षं लोक आमच्या दारात येऊन भांडले. त्याचं दुकान आज आमच्यापेक्षा मोठं आहे. हे मी विसरलेलो नाही.

2019 मध्येच भागीदार गावी गेला तो परत आला नाही. दुकान उभं राहिलं ते बाईंमुळे. लॉकडाऊनमध्ये त्यांनी घरासाठी कॅनन आयआर 2520 मागितलं, पूर्ण पैसे आगाऊ दिले आणि ओळखीच्या सहा शिक्षकांना आमचा नंबर दिला.

घरासाठी जुनं ऑफिसचं मशीन घेणाऱ्यांनो, काउंटरवर भरवसा ठेवू नका. पिकअप रोलर (ट्रेमधून कागद ओढणारा रबरी रोलर) बोटाने चाचपा : गुळगुळीत, चकचकीत लागला तर मशीन भरपूर चाललेलं आहे. काळ्या भागाच्या पन्नास कॉप्या सलग मारा. ठरावीक अंतरावर तोच डाग परत आला तर पट्टी लावा; 30 मिलिमीटरच्या ड्रमचा डाग दर 94 मिलिमीटरला येतो. कागद अडकला तर सुरी घालू नका, फिक्सिंग फिल्म फाटते. घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नका, हीटर चालू होताना तो बसतो. पावसाळ्यात कागदाचं रिम उघडं ठेवू नका, जॅमचं एक मोठं कारण तेच असतं. आणि पुढचं दार उघडून आत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

2021 मध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा मशिनं आधीच विश्रामबागेत बाईंच्या गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवली होती. भिंतीवर आता दोन रेघा आहेत. वरची मी मारली, खालची भागीदाराच्या हातची.